अव्वाची बिननंबरची गाडी

माझा धंदा मोटार शिकवायचा. सोलापुरात विजापूर नाक्याजवळ माझं छोटं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि टपावर लाल अक्षरांचा बोर्ड लावलेली एक पांढरी गाडी आहे. शिकणारा उजवीकडं स्टिअरिंगला घट्ट धरून बसतो, मी डावीकडं बसतो, आणि माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच असतो. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपण चालवतोय. मी त्याला तसं वाटू देतो. फी त्याचीच असते.

या धंद्यात निम्मं आयुष्य घालवल्यावर माणसाचा पाय त्याच्या ताब्यात राहत नाही. एसटीत बसलो आणि पुढं रस्त्यात म्हैस दिसली की ड्रायव्हरच्या आधी माझा पाय दाबला जातो. सिनेमात एखादी गाडी घाटात वळली तरी दाबला जातो, आणि पुढच्या खुर्चीतला माणूस वळून माझ्याकडं बघतो. बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा ब्रेक मारता, रोज सकाळी चादर पायथ्याशी गोळा झालेली असते. मी म्हणतो, अपघात झाला का कधी? नाही ना? मग झालं तर.

तर अशा माणसाच्या आईनं सत्तरी ओलांडल्यावर स्कूटर घ्यावी, आणि तीसुद्धा लायसन लागत नाही अशी, याला दैव म्हणायचं की सूड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई म्हणजे आमची अव्वा. ती कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची. तिकडं बोलणं निम्मं कानडीत चालतं आणि निम्मं मराठीत, कुठलं वाक्य कुठं सुरू होऊन कुठं संपेल याचा नेम नसतो. त्यामुळे आमच्याकडं आईला अव्वा, तिच्या थोरल्या बहिणीला दोड्डव्वा आणि सासूला अत्ती म्हणायची पद्धत. दोड्डव्वा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शेळगीत राहते. मागं ती न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ती पलंगावरच आहे. सकाळ-संध्याकाळ तिचा मुलगा आणि सून बघतात, पण दिवसा दोघंही नोकरीला. दुपारचं जेवण भरवायचं काम अव्वानं स्वतःकडं घेतलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं.

सुरुवातीला मीच तिला सोडायचो. अकराची शिकवणी संपली की अव्वाला डब्यासकट गाडीत घालायचं, शेळगीला उतरवायचं, तिकडच्याच एखाद्या शिकाऊला तासभर फिरवायचं, आणि येताना दारापुढं हॉर्न वाजवायचा. दोन वेळा वाजवला की अव्वा पदराला हात पुसत बाहेर यायची. माझ्या मते ही व्यवस्था अगदी चोख होती. वेळ पाळणारा मुलगा मिळाला म्हणून अव्वानं मनातल्या मनात देवाचे आभार मानले असणार, असं मी धरून चाललो होतो.

मग एका दिवशी, उन्हाळ्याच्या तोंडाला, मी घरी आलो तर अंगणात एक फिकट हिरवी स्कूटर उभी. पुढच्या चाकाखाली फुटलेलं लिंबू, हँडलला हार, आणि नंबर प्लेटच्या जागी दुकानाचं नाव. मला वाटलं, बायकोनं घेतली. बायको हसायला लागली आणि आत निघून गेली. ती या कटात पहिल्यापासून सामील होती, दुकानात सोबत तीच गेली होती. अव्वा उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली की दुकानदार लई चांगला माणूस हाय, लायसन नको म्हणला, नंबर नको म्हणला, विमा नको म्हणला.

मला ते चांगलंच झोंबलं. मी लायसनवर जगतो. माझ्या घराचा दरवाजा, त्यावरची पाटी, पाटीवरचं माझं नाव, सगळं लायसनच्या जिवावर उभं आहे. आणि हिच्यासाठी कायद्यानं दार सताड उघडं ठेवलेलं. ताशी पंचवीसच्या आत पळणारी, लहान मोटरची विजेची स्कूटर असली तर सरकारच्या लेखी ती मोटारगाडीच नव्हे. सायकलची थोरली बहीण समजा. चालवणाऱ्याला दिसतं का, ऐकू येतं का, डावं-उजवं कळतं का, हे कुणी विचारायचं नाही.

सरकारनं सोडलं तरी मी सोडणार नव्हतो. त्या रात्री जेवताना मी घरचे नियम जाहीर केले. हेल्मेटशिवाय गाडीला हात लावायचा नाही. मोठ्या रस्त्याला लागायचं नाही, गल्लीबोळातून जायचं. वळणावर हॉर्न द्यायचा. दिवेलागणीनंतर चावी खुंटीला. अव्वानं भाकरीचा तुकडा मोडत प्रत्येक नियमाला 'आतु' म्हटलं. कानडीत आतु म्हणजे झालं, बरं. पण अव्वाच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच, की तुझं बोलणं माझ्या कानावर पडलं. पुढचं पुढं.

सात-आठ सकाळी मी तिला मागच्या मैदानात शिकवलं. खोटं कशाला बोलू, विद्यार्थिनी चांगली होती. तोल पहिल्यापासून होता. लहानपणी तिनं बैलगाडीत पुढं बसून बैल हाकले होते, त्यामुळे कासरा कधी ओढायचा आणि कधी सोडायचा याची तिला समज होती. मी ओरडत होतो, ती ऐकत नव्हती, आणि गाडी सरळ जात होती.

नियम तिनं पाळले, पण आपल्या पद्धतीनं. हेल्मेटचंच बघा. अव्वा इरकल नेसते आणि बाहेर पडताना डोक्यावरून पदर घेते, आजवर तिला उघड्या डोक्यानं रस्त्यावर कुणी पाहिलेलं नाही. हेल्मेट घालायचं तर पदर उतरवावा लागणार. मला वाटलं, इथं तरी तिचं गाडं अडणार. अव्वानं आधी हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा लावला, आणि त्या हेल्मेटवरून पदर घेतला. एवढं मोठं डोकं, त्यावर इरकलचे लाल-पांढरे काठ, पुढून काचेत कुंकू. नियम मोडला असं म्हणायला जागा नव्हती. मी फक्त पदराला दोन ठिकाणी पिना लावायला लावल्या, वाऱ्यानं चाकात जाऊ नये म्हणून. तिनं चार लावल्या.

हॉर्नला मात्र ती तयार झाली नाही. तिच्या मते हॉर्न म्हणजे वाटेनं जाणाऱ्या माणसावर विनाकारण खेकसणं. माणूस आपल्या नादात चाललाय, त्याला मागून ओरडायचं कशाला? पण गाडीला काडीचाही आवाज नाही. पेट्रोलची गाडी निदान खोकत-खाकरत येते, ही मांजरीसारखी यायची. भाजीवाली टोपली सावरत पुटपुटायची. आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ गुडघ्यांसाठी म्हणून रोज सकाळी गल्लीतून उलटं चालायचे. एकदा त्यांना पाठीशी काहीतरी असल्याचं जाणवलं, म्हणून वळले, तर हातभर अंतरावर पदर घेतलेलं हेल्मेट. अव्वा बिचारी ते बाजूला व्हायची वाट बघत शांत उभी होती. त्या दिवसापासून ते सरळ चालतात.

यावर अव्वानंच तोड काढली. दुधनीला मामाच्या घरी ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची घुंगुरमाळ खुंटीला लटकत पडली होती. ती तिनं एसटीनं मागवून घेतली, चिंचेनं घासली आणि स्कूटरच्या दिव्याखाली बांधली. जनावराच्या गळ्यात ती असतेच मुळी वाटेवरच्या माणसाला कळावं म्हणून, असं तिचं म्हणणं. आता आमच्या गल्लीत रोज साडेअकराला घुंगरं वाजतात आणि बायका म्हणतात, निघाली शेळगीची गाडी. मी शेजाऱ्यांपुढं लाजेनं मान खाली घालायचो. मोठमोठ्या कंपन्यासुद्धा या मुक्या गाड्यांना मुद्दाम आवाज बसवतात, असं पुढं कुणीतरी सांगितलं, तेव्हा ती मान थोडी वर केली.

इथवर सगळं गोडीनं चाललं होतं. बिघडलं ते कारहुणवीला.

कारहुणवी म्हणजे दुधनीकडचा बैलांचा सण, ज्येष्ठातल्या पौर्णिमेच्या सुमाराचा. बैलांना आंघोळ घालायची, शिंगं रंगवायची, पुरणाची पोळी खाऊ घालायची, आणि त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून अव्वा हा सण मातीच्या बैलांवर भागवत होती. या वर्षी तिच्या मनात आलं की दारात राबणारं जनावर उभं असताना मातीचे बैल कशाला? घरात मी नव्हतो, बायको पोळ्या लाटत होती. अव्वानं नळाला पाइप लावला आणि स्कूटरला यथासांग आंघोळ घातली. वरवर पाणी मारून ती थांबली असती तरी निभावलं असतं. पण बैलाला पोटाखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी चोळून धुतात, तशी तिनं सीट उचलली, पाय ठेवायची फळी उचकटली आणि आतल्या वायरींची सगळी जत्रा नारळाच्या काथ्यानं घासून काढली. मग आरशांना गोंडे बांधले, दिव्याला कुंकू लावलं, आणि पोळीचा घास दाखवला.

स्कूटरनं त्या दिवशी सुट्टी घेतली आणि दुसऱ्या दिवशीही कामावर आली नाही. चावी फिरवली तरी ढिम्म. मी पोट धरून हसलो, आणि त्या हसण्याची किंमत पुढं मोजली. माझ्या हातात त्या दिवशी तीन शिकवण्या होत्या, म्हणून मी म्हटलं, पाठव कुठल्यातरी मिस्त्रीकडं. अव्वानं ती टेंपोत घालून एका विजेच्या गाड्यांच्या मिस्त्रीकडं पाठवली. त्यानं आतला ओला झालेला भाग बदलला आणि गाडी परत पाठवून दिली.

आणि गाडी पळायला लागली. आधी शेळगीला पोचायला लागायचा त्याच्या निम्म्या वेळात अव्वा पोचू लागली. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. रात्री जेवताना ती समाधानानं म्हणाली की आंघोळ लागली बघ गाडीला. सणाला न्हाऊ-माखू घातलेलं, गोडधोड दाखवलेलं जनावर दुसऱ्या दिवशी हलकं पळतंच, हे दुधनीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे म्हणे. मी मोटारीतला माणूस. या बोलण्यावर मी खरं तर जागं व्हायला हवं होतं. पण आईच्या श्रद्धेला कुठं धक्का लावा, म्हणून मी पोळीवर तूप ओढून घेतलं.

त्यानंतर आठवड्याभरात मी विजापूर रोडवर एका बाईंना शिकवत होतो. बाई बँकेत अधिकारी, स्वभावानं घाबरट. मी त्यांना तिसाच्या वर जाऊ देत नव्हतो आणि त्या पंचविसाच्या वर जात नव्हत्या. मागून घुंगरं ऐकू आली. बाईंनी विचारलं, सर, मागून बैलगाडी येतेय का? मी आरशात बघेपर्यंत आमच्या उजवीकडून फिकट हिरवं काहीतरी सूं करून पुढं गेलं. हेल्मेटवरचा पदर चारही पिना ताणून फुगला होता. मोठ्या रस्त्याचा नियम मोडून अव्वानं माझ्या ड्रायव्हिंग स्कूलला ओव्हरटेक केलं होतं, आणि जाता जाता बँकेच्या बाईंकडं बघून हातही केला होता.

मला आधी हसू आलं. मग तिच्या पुढं एक रिक्षा उतारू दिसला म्हणून भर रस्त्यात एकदम थांबली.

मी माझा ब्रेक दाबला. जीव खाऊन, दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून दाबला. थांबली ती आमची गाडी. बँकेच्या बाई किंचाळल्या, मागचा टेंपो करकचून थांबला, आणि समोर अव्वाची स्कूटर तशीच जात राहिली. तिनंही ब्रेक दाबला होता, पण ते ब्रेक पंचवीसच्या वेगासाठी बनवलेले. चाळीसच्या पुढं गेलेली गाडी त्यांना जुमानेना. अव्वानं शेवटच्या क्षणी हँडल डावीकडं वळवलं आणि ती एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगात शिरली.

मी पोचलो तेव्हा ती ढिगावर बसली होती. हेल्मेट जागच्या जागी, पदर जागच्या जागी, कोपर खरचटलेलं. गाडी आडवी पडून घुंगरं अजून थोडी थोडी वाजत होती. डबा उघडून वरण वाळूत सांडलं होतं आणि अव्वा तेच बघत होती. तिला काही झालं असतं तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता आणि तो पुरा होत नव्हता. मी तिला उठवलं आणि तिच्यावर ओरडलो. रस्त्यावर, लोकांसमोर, बँकेच्या बाईंसमोर. मग चावी काढून खिशात टाकली आणि सांगितलं की आता गाडी बंद, कायमची.

अव्वानं आतुसुद्धा म्हटलं नाही.

पुन्हा जुनी व्यवस्था सुरू झाली. अकरानंतर तिला सोडायचं, तासानं दारात हॉर्न. अव्वा मागच्या सीटवर बसायची आणि खिडकीतून बाहेर बघायची. घरी बोलायची ती बायकोशी. माझ्या ताटात भाकरी पडायची, वर दह्यातली शेंगाची चटणीही पडायची, पण शब्द पडत नव्हता. बायकोनं मला दोनदा सुचवलं की चावी द्या. मी तिला वाळूच्या ढिगाची आठवण दिली. ती म्हणाली, ढीग मलाही माहीत आहे, पण अत्तींचा चेहरा तुम्ही आरशातसुद्धा बघत नाही.

एका दुपारी मला उशीर झाला होता. पुढचा शिकाऊ फोनवर फोन करत होता. मी शेळगीला दारापुढं हॉर्न दिला, मग परत दिला, मग दाबून धरला. अव्वा आली, मागं बसली, दार लावलं. गाडी गल्लीबाहेर पडल्यावर इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"तम्मा, तुझा हॉर्न वाजतोय तवा अक्काच्या तोंडात घास असतोय. दात न्हाईत तिला. माझी घाई दिसली की ती तसाच गिळती."

तम्मा म्हणजे धाकट्या भावाला म्हणायचा कानडी शब्द, लाडात आली की ती मला तशी हाक मारते. पण त्या वेळी ती लाडात नव्हती. ती पुढं म्हणाली, "त्यो घास संपूस्तोर थांबायला मला गाडी पायजे हुती. पळवायला न्हवं."

मी गाडी बाजूला घेऊन उभी केली. शिकाऊचा फोन वाजत होता, तो बंद केला. माझ्या चोख व्यवस्थेतून माझी मावशी रोज न चावता जेवत होती, आणि हे मला कळायला आईला अबोला धरून बसावं लागलं. मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही. पण तरीही चावी खिशातून काढवेना. वाळूचा ढीग डोळ्यांपुढून हलत नव्हता. तो ढीग तिथं नसता तर काय झालं असतं, तेही हलत नव्हतं.

संध्याकाळी मी ती स्कूटर घेऊन मिस्त्रीकडं गेलो. एका बोळात त्याचं दुकान, समोर तशाच पाच-सहा स्कूटर पोट उघडून पडलेल्या. मी चढ्या आवाजात विचारलं की वेग कसा वाढला. तो शांतपणे एका वायरीचं सुटं टोक दाखवत म्हणाला, ही काढली की गाडी मोकळी पळते. काढायला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही, त्याला वाटलं की अम्माला लांब जायचं असतं, वेळ वाचेल. मी त्याला कायदा ऐकवला. ही वायर काढली की ती मोटारगाडी झाली, मग लायसन पाहिजे, नंबर पाहिजे, विमा पाहिजे, आणि चालवणाऱ्याचे ब्रेक सायकलचे. त्यानं हात पुसत सगळं ऐकून घेतलं.

"साब, सब लोगां वायर निकालने कू आते," तो म्हणाला. "जोडने कू आये सो तुम पैलेच."

त्यानं वायर जोडली. मी तिथंच गाडी पळवून पाहिली. पंचवीसच्या पुढं काटा सरकेना. वर मी ब्रेकही नवे घालून घेतले.

माझं एवढ्यावर समाधान झालं नाही. मला कुठलातरी शिक्का हवा होता. दुसऱ्या दिवशी आरटीओत चाचणीसाठी माझी शिकाऊ मुलं घेऊन गेलो तेव्हा तिथल्या ओळखीच्या साहेबांना गाठलं आणि म्हटलं, आमच्या मातोश्रींची परीक्षा घ्या, गाडीनं आठचा आकडा काढायला लावा, नापास झाल्या तर मी सुटलो. साहेबांनी विचारलं, कुठल्या गाडीवर देणार? मी सांगितलं. ते म्हणाले, मग घेता येणार नाही, कारण ती गाडी गाडीच नाही. जी गाडी नाही तिच्यावर गाडीची परीक्षा कशी घ्यायची? मी म्हटलं, साहेब, ती गाडी नसली तरी तिच्यावर माझी आई आहे. ते हसले आणि चहा मागवला. म्हणाले, नियमाचा हात जिथं पोचत नाही तिथं घरच्यांनी बघायचं, तुमचा तर धंदाच आहे. मी तो चहा घुटक्याघुटक्यानं, तोंड वाकडं करून प्यायलो.

मग परीक्षा मीच घ्यायची ठरवली. अट एकच. अव्वानं मला मागं बसवून घरापासून शेळगीपर्यंत न्यायचं. रस्त्यात एकदाही माझ्या काळजात धस्स झालं तर चावी परत माझ्या खिशात. अव्वानं डबा पायाशी ठेवला, हेल्मेट घातलं, पदर घेतला, चार पिना लावल्या. मी मागं बसलो. बायको दारात उभी राहून इतकी हसली की तिला चौकट धरावी लागली.

आयुष्यात पहिल्यांदा मी अशा जागी बसलो होतो जिथून काहीच दाबता येत नव्हतं. पायाखाली नुसता लोखंडाचा दांडा. तरी मी तो दाबत होतो. विजापूर नाका ओलांडताना दाबला, सात रस्ता ओलांडताना दाबला, पुढं बोळातून एक कोंबडी आडवी गेली तिथं दोन्ही पायांनी दाबला. अव्वाला त्याचा पत्ता नव्हता. ती वळणाआधी वेग कमी करत होती, शाळा सुटलेल्या गल्लीत पायी चालल्यासारखी जात होती, आणि कुणी घुंगरं ऐकून वळून पाहिलं की त्याला वाट देत होती. माझ्या शंभर शिकाऊंपैकी दहासुद्धा अशी गाडी चालवत नाहीत. मला खोट काढायची होती, ती सापडली नाही. फार तर एवढं म्हणता आलं असतं की ती हॉर्न वापरत नाही.

शेळगीच्या गल्लीत शिरलो. दारापुढं गाडी थांबली तोवर आतून दोड्डव्वाची हालचाल ऐकू आली. आत जाऊन बघतो तर तिनं डोक्याखालच्या दोन उशा स्वतःच ओढून पाठीशी घेतल्या होत्या आणि केस मागं सारून बसली होती. घुंगरं कोपऱ्यावर वाजली की ती रोज तशीच तयार होऊन बसायची, हे मला शेजारणीनं सांगितलं. मी मोटारीनं आणायचो तेव्हा अव्वा आत आली तरी तिला कळत नसे, ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असे. मला बघून ती जरा दचकली. तिची नजर माझ्यावरून दाराकडं गेली. हॉर्न कधी वाजतोय, ते ती बघत होती. मी पायातले बूट काढले आणि भिंतीला टेकून खाली बसलो.

अव्वानं भाकरी वरणात कुस्करली आणि पहिला घास दिला. दोड्डव्वा तो तोंडात फिरवत राहिली. या गालातून त्या गालात, जिभेनं दाबून, मग पुन्हा. दुसरा घास हातात धरून अव्वा वाट बघत होती आणि दुधनीच्या कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट कानडीत सांगत होती. मधेच दोड्डव्वा हसायची आणि मग घास आणखी लांबायचा. एवढं सावकाश जेवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. माझा फोन वाजला. दोड्डव्वाचा गाल थांबला. मी फोन बंद करून बाजूला ठेवला आणि कानडीत म्हटलं, सावकाश होऊ दे. गाल पुन्हा फिरायला लागला. वाटी रिकामी झाली तेव्हा उन्हाची तिरीप पलंगाच्या या पायावरून त्या पायावर गेली होती.

निघताना चावी गाडीला होती, ती तिथंच राहू दिली. अव्वा पुढं बसली, मी मागं बसलो. गल्लीच्या तोंडाशी एक सायकल आडवी आली आणि माझा पाय सवयीनं निसटून खाली गेला, बुटाचा तळ रस्त्यावर घासत राहिला, गाडी अडखळली. अव्वानं मान वळवली नाही. डोळे तिचे रस्त्यावर होते, हेल्मेटवरचा पदर माझ्या नाकाला लागत होता.

"पाय वर घे, तम्मा," ती म्हणाली. "मी हाय की गाडीवर."

मी पाय वर घेतला.